भावाच्या जिवावरची पॉलिसी

नायगाव, ९ नोव्हेंबर २०२१

चि. श्रीमंत,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी थोरली बहीण, म्हणून लिहिते. मनापासून दिलेत असं समजू नकोस.

भाऊबीजेला तू आला नाहीस, फोन केलास. कशी आहेस, दाजींचा संप कुठवर आला, तुझी भाची शिल्पा काय शिकते, यातलं काही विचारलं नाहीस. पहिलंच वाक्य, "अक्का, ती पॉलिसी मोडून टाकू." तुझ्या शीलानं फोन स्पीकरवर ठेवलेला होता. मागं कुकरची शिट्टी झाली नि ती कुजबुजली, "अर्धे म्हणा, अर्धे." मला सगळं ऐकू येत होतं. म्हणून आता लिहूनच कळवते. पत्र वाचताना तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू म्हणालास, "जीव माझा, पॉलिसी माझ्या जिवावरची, मंग पैसा तुझा कसा?" कसा ते सांगते. अप्पांनी दोन हजार साली, ऊस चांगला गेला त्या वर्षी, तुझ्या नावानं पंचवीस वर्षांची पॉलिसी काढली. माझ्या नावानं नाही काढली, कारण मी लोकाच्या घरी जाणार होते. अप्पा गेले. दोन हजार नऊच्या दिवाळीला मी माहेरी आले, तर तू तलाठ्याच्या माणसाला घरी बोलवून हक्कसोडीचा कागद तयार ठेवला होतास. माहेर तुटू नये म्हणून पोरी सही करतात, तशी मीही केली. आईनंही अंगठा दिला. सगळी जमीन तुझी झाली.

दुसऱ्या दिवशी ओवाळायला बसले. ताटात काय घालावं याचा तुला पेच पडला, कारण गल्लीतल्या बायका बघत होत्या. त्याच्या आधीच तू नांदेडच्या ऑफिसात जाऊन, पॉलिसी मोडली तर किती येतील ते विचारून आला होतास. अप्पांनी भरले त्याहून कमी येत होते. "यात काय दम न्हाई," असं तू आईजवळ बोललास, मी चुलीपाशीच होते. नि तीच पॉलिसी तू माझ्या ताटात घातलीस. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा! एजंट सिद्धराम काका तिथंच फराळाला बसले होते. ते म्हणाले, "नुसता कागद देऊन काय उपेग? तिच्या नावावर करून दे." लोकांसमोर तुला नाही म्हणता येईना. चार दिवसांनी नांदेडला जाऊन तू पॉलिसीच्या पाठीवर सही केलीस. तेव्हापासून जीव तुझा आणि पॉलिसी माझी. तूच दिलीस, मी मागितली नव्हती.

तेव्हापासून बारा वर्षं हप्ते मी भरते. ह्यांचा एस.टी.च्या वर्कशॉपचा पगार आणि माझी ब्लाऊजची शिलाई. आता संपामुळं पगार बंद आहे, हे रोज डेपोसमोर मांडवात बसतात. तरी डिसेंबरचा हप्ता मी भरणार. पाटल्या मोडीन, पण पॉलिसी मोडणार नाही.

शेवटी तू म्हणालास, लातूरला फ्लॅट घ्यायचाय, पॉलिसी मोडत नसशील तर विहिरीचं वावर विकायला काढावं लागेल. श्रीमंत, त्या वावरात आई आहे. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. तीन वर्षांपूर्वी आपण दोघांनी तिला तिथं बसवलं. जायच्या आधी तिनं तुझा हात धरून म्हटलं होतं, "मला हिरीपाशी ठेव, अन् तेवढं वावर इकू नको." तू मान हलवून "हाव" म्हणालास. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

जमीन मी सोडली, तिच्याबद्दल काही म्हणत नाही. पण त्या एका एकराला हात लावलास, तर मी तुझी बहीण आहे हे विसरून जाईन.

सिंधु

&nbsp;

नायगाव, २७ फेब्रुवारी २०२३

श्रीमंत,

आज चिरंजीव लिहायलासुद्धा हात होत नाही.

काल शिल्पाचं लग्न झालं. तुला पत्रिका द्यायला हे स्वतः लातूरला आले होते, तू त्यांना दारातूनच पाणी दिलंस. तरी मला वाटलं, येईल. मामा आल्याशिवाय पोरगी मांडवात कशी येईल? मी तुझ्यासाठी टोपी नि उपरणं घेऊन ठेवलं होतं.

अक्षतांची वेळ झाली. लग्न लावणाऱ्या स्वामींनी विचारलं, "मामा कुठं हाय?" मी म्हटलं, रस्त्यात आहेत. थोड्या वेळानं परत विचारलं. उमरीहून आलेली नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शिल्पा खोलीच्या दारात मुंडावळ्या बांधून उभी. तिला कोण घेऊन येणार? शेवटी ह्यांच्या वर्कशॉपातला एक हेल्पर पुढं आला नि म्हणाला, "वहिनी, मी व्हतो मामा." तुझी टोपी त्याच्या डोक्यावर बसली. पोरीनं रडणं आवरलं, मला नाही आवरलं.

संध्याकाळी ह्यांच्या मोबाईलवर तुझे पाचशे एक रुपये आले. खाली लिहिलं होतं, "शिल्पाला." मी ते परत पाठवायला सांगितले. हे म्हणाले, "जाऊ दे, सिंधु." तुझ्या सुदाम दाजींचा स्वभाव असा आहे, माझा नाही.

तू का आला नाहीस ते शीलाच्या भावाकडून कळलं. लग्नात अक्का पैसे मागेल, असं तुला वाटलं म्हणे. नवरदेव संगमेश्वर, त्याचे वडील बसवराज, तूरडाळीचे व्यापारी, भली माणसं. त्यांनी एक रुपया घेतला नाही. तुझ्याकडून मला काय हवं होतं? पोरीच्या मागं दहा मिनिटं उभं राहायला हवं होतं, बस.

आता पॉलिसीचं. तू परत निरोप पाठवलास की मोडू. मी सिद्धराम काकांना नीट बसवून विचारलं, ही नफ्यातली पॉलिसी म्हणतात ती काय असते. तुलाही सांगते, कारण तू हातची वस्तू न विचारता देऊन बसलास.

कंपनी सगळ्यांचे हप्ते एका हौदात टाकते. त्यातून मेलेल्यांच्या घरच्यांना देते, ऑफिसचा खर्च काढते, उरलेलं गुंतवते. वर्ष संपलं की हौदात जास्तीचं किती राहिलं ते बघतात. त्यातला थोडा वाटा मालकाचा, बाकी आमच्यासारख्या पॉलिसीवाल्यांचा. त्याला बोनस म्हणतात. पण तो हातात देत नाहीत, पॉलिसीला जोडून ठेवतात. एकदा जोडला की तो परत काढून घेत नाहीत, पुढलं साल वाईट गेलं तरी. पुढं किती जोडतील ते मात्र कुणी लिहून देत नाही. आणि मिळतं कधी? मुदत भरली की, नाहीतर ज्याच्या जिवावर पॉलिसी आहे तो मेला की. मध्येच मोडली तर जोडलेल्याचीही पाव किंमत येते. तू नांदेडला विचारायला गेलास तो आठ-नऊ वर्षांचा हिशेब होता, म्हणून तुला त्यात दम दिसला नाही.

काका आणखी एक बोलले. मध्येच सोडून जाणारे जे गमावतात, त्यातलं थोडं हौदातच राहतं आणि टिकून राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं. मला हे लई आवडलं. मी टिकणार आहे. मी तुझ्याकडून काहीतरी घेणार आहे, श्रीमंत. काय ते अजून मलाच ठाऊक नाही, पण घेणार हे नक्की.

शिल्पाची आई

&nbsp;

नायगाव, १८ सप्टेंबर २०२४

श्रीमंत,

घरी पोचले. गोळ्या वेळेवर घे. तंबाखूची पुडी मी तुझ्या शर्टातून काढून गटारात टाकलीय, शीलावर संशय घेऊ नकोस.

तुला शुद्ध नव्हती तेव्हाचं सांगते, दुसरं कुणी खरं सांगणार नाही. शीलानं सकाळी फोन केला, "अक्का, ह्यांच्या छातीत लई दुखून राहिलंय, दवाखान्यात आणलंय." तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला अक्का म्हटलं. मी अंगावरच्या साडीनं निघाले. मुखेडपर्यंत वडापच्या जीपनं, पुढं लातूरपर्यंत एस.टी.त उभी. तुला आत नेलं होतं. बाकावर शीलाचा भाऊ बसला होता. मला बघून तो शेजारच्याला म्हणाला, "बहीण आली. पॉलिसीसाठी आली असंल." मला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाला.

मग मी खरंच हिशेब केला. तू त्या दिवशी गेला असतास तर पॉलिसीवर छापलेली रक्कम आणि आजवर जोडलेले सगळे बोनस मला मिळाले असते. नॉमिनी नाही, शीला नाही, मी. हप्ते भरायचं संपलं असतं. बाकावर बसून मी हे सगळं मनात मांडलं, कारण तो माणूस तसं बोलल्यावर दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मग डॉक्टर बाहेर आले तर मी त्यांचा हातच धरला. डॉक्टर म्हणाले, "बाई, सोडा, वाचलेत ते." मी सोडला नाही. तुझ्या सत्यमनं येऊन माझी बोटं सोडवली. पोरगा केवढा उंच झालाय, नि मी त्याला ओळखलंसुद्धा नाही आधी.

तू जागा झालास आणि मला बघून म्हणालास, "मेलो असतो तर तुझं बरं झालं असतं, न्हवं का अक्का?"

मी म्हटलं, "न्हाई. अजून साल बाकी हाय."

तू हसलास, मला माहीत आहे तुला ते चेष्टेचं वाटलं. पण मी हिशेबानंच बोलले. मुदत पुरी केली की कंपनी शेवटी वरचा एक बोनस देते, इतकी वर्षं धरून ठेवल्याबद्दल. जितकं जुनं तितका जास्त. तू आज गेलास तर तो कमी. शिवाय मेलेल्या माणसाचं काय घ्यायचं? मला जे घ्यायचं आहे ते तुझ्या डोळ्यांदेखत घ्यायचं आहे. म्हणून जग. सकाळी चाल. मीठ कमी खा. तुझ्यासाठी सोमवार धरलाय मी, तोही सोडणार नाही.

डॉक्टरचा हात धरला त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

सिंधु

&nbsp;

नायगाव, ३० जून २०२५

श्रीमंत,

पॉलिसीची मुदत भरली. पैसे माझ्या खात्यात आले.

तुझा निरोप मिळाला, "छापलेत तेवढ्यातले अर्धे तरी दे, सत्यमच्या डॉक्टरकीच्या सीटला लागतात." छापलेत तेवढे! पंचवीस वर्षं झाली तरी तू अजून त्या पहिल्या पानावरचा आकडाच बघतोस. किती आले ते मी तुला सांगणार नाही. छापलेल्याच्या दुपटीहून थोडे वरच आले एवढं ऐकून ठेव, आणि शीलाला सांगू नकोस, तिचं बीपी वाढेल.

तुला एक संधी देते. ही शेवटची. विहिरीचं वावर मला दे. हक्क म्हणून मागत नाही, तो मी सोडला. दामानं मागते. बाजारात जो भाव असेल त्या भावानं, रोख, तुझ्या खात्यात. सत्यमची फी भरली जाईल आणि आई घरातच राहील. पोरानं अभ्यास केलाय, त्याचं माझं वैर नाही. उलट टपाली उत्तर पाठव.

सिंधु

&nbsp;

नायगाव, १३ ऑक्टोबर २०२५

श्रीमंत,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तुला परवा मिळेल. गुरुवारी तुला जळकोटला रजिस्ट्री ऑफिसात खरेदीखताला यायचं आहे, त्याच्या आधी मिळावं म्हणून मुद्दाम.

जूनच्या पत्राचं उत्तर तू टपालानं दिलं नाहीस. ह्यांना फोन करून म्हणालास, "दाजी, अक्काला सांगा, बहिणीला वावर इकलं म्हणून गाव तोंडात शेण घालंल. परक्याला फुकट दीन, पण तिला न्हाई." ह्यांनी मला निम्मंच सांगितलं होतं. बाकीचं मी त्यांच्याकडून काढून घेतलं, दोन दिवस जेवले नाही तेव्हा कुठं बोलले.

ठीक आहे. तू म्हणालास परक्याला, मी परका शोधला.

सप्टेंबरात पाऊस झाला, सगळ्यांची सोयाबीन पाण्यात गेली. जमिनीला गिऱ्हाईक उरलं नाही. तुझी फीची तारीख जवळ आली. अशात उमरीचे एक डाळीचे व्यापारी नि त्यांचा मुलगा तुझ्या लातूरच्या घरी आले. भावात घासाघीस केली नाही. वावरात आईची समाधी आहे म्हटल्यावर अडलेही नाहीत, "राहू द्या की, आम्ही नांगर वळवून घेऊ," म्हणाले. तुला देव भेटल्यासारखं झालं. मुलानं तुला वाकून नमस्कार केला, मामा म्हणाला. तू म्हणालास, "बसा पाव्हणं." शीलानं पोहे केले, त्यात शेंगदाणे कमी होते असं तो मला नंतर सांगत होता.

आता कळलं असेल. ते बसवराज आणि संगमेश्वर. माझे व्याही आणि माझा जावई. नाव लपवलं नाही, गाव लपवलं नाही. लग्नाच्या पत्रिकेत नि माझ्या पत्रात दोन्ही नावं होती, तुझ्या ध्यानातही राहिली नाहीत. दोन तास तुझ्यासमोर बसले होते. सगळ्या नातेवाइकांनी त्याला अक्षता टाकल्या आहेत, आपल्या भावकीतलं शेंबडं पोरगंसुद्धा त्याला ओळखतं. एकटं तुझं घर ओळखत नाही, कारण त्या दिवशी मांडवात तुमच्यातलं कुणी नव्हतं. यावं म्हणून आम्ही किती वाट पाहिली, ते मी तुला लिहिलं होतं. तू आला असतास तर आज मला हे करता आलं नसतं.

साठेखत तू वाचलं नाहीस, इसार मोजलास. त्यात लिहिलंय, खरेदीखत बसवराज यांच्या किंवा ते सांगतील त्यांच्या नावे करून द्यायचं. ते माझं नाव सांगणार आहेत. आमची नायगावची जमीन असल्यामुळं मी शेतकरीही आहे, तिथंही अडचण नाही. पैसे पॉलिसीचे. थोडे कमी पडले ते ह्यांनी फंडातून काढले, काही न बोलता.

तू आता काय करशील ते मी रोज पोळ्या लाटताना मनात चालवून बघितलं आहे. आधी शीलाला शिव्या देशील. मग वकिलाला फोन करशील. वकील सांगेल, साठेखत रजिस्टर आहे, मागं फिरलास तर इसार दुप्पट परत द्यावा लागेल आणि दावा होईल. इसार तर तू कॉलेजात भरून बसलास. बाकीची फी शुक्रवारी नाही भरली तर सत्यमची सीट जाते. म्हणजे तुला एकच करायचं आहे, पोराकडं बघायचं किंवा ताठ्याकडं. मला तुझा ताठा माहीत आहे. पण तू पोराकडं बघशील. तेवढं चांगलं तुझ्यात आहे, म्हणून तर हे जमलं.

गंमत बघ. अप्पांनी तुझ्यासाठी काढलेली पॉलिसी शेवटी तुझ्याच घरी येते आहे, सगळीच्या सगळी, बोनसासकट. फक्त मधल्या काळात ती तू मला रद्दी म्हणून दिलीस, म्हणून आता तिच्या बदल्यात वावर द्यावं लागतंय. तेव्हाच नीट विचारलं असतंस तर दोन्ही तुझं राहिलं असतं. हे वाक्य मी चार वर्षं मनात ठेवलं होतं. लिहून फार बरं वाटलं.

हे म्हणतात, आता राग सोड. मी विचार केला, सुटतो का बघितलं. सुटत नाही. स्वामी दुसऱ्यांदा मामा कुठं म्हणाले, तेव्हाची शिल्पा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिनं तुझ्याबद्दल आजवर वाकडा शब्द काढला नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

काही गोष्टी स्पष्ट करते. मी समाधीभोवती दगडी ओटा बांधणार आहे. आईच्या तिथीला पूजा मी करीन, नैवेद्य मी दाखवीन. सत्यम कधीही आला तरी चालेल, त्याला विचारायची गरज नाही. तुला यायचं असेल तर आधी मला विचारावं लागेल. मी हो म्हणेन की नाही ते आज सांगत नाही. ते मला त्या त्या वेळी ठरवू दे, एवढं तरी माझ्या हाती असू दे.

गुरुवारी तिथं मला अचानक बघितलं असतंस तर तुझ्या छातीला सोसलं नसतं. म्हणून आधी कळवलं. एक रात्र आहे तुला, रागावून घे, गोळी मात्र चुकवू नकोस.

अकरा वाजता ये. आधार कार्ड आण, शीलाला संमतीसाठी आण. आधी देणाऱ्याला खुर्चीत बसवतात, मग घेणाऱ्याला, आणि दोघांचे फोटो एकाच पानावर छापतात. फोटो काढताना मान खाली घालू नकोस. तिथला माणूस सगळ्यांसमोर "वर बघा" म्हणून ओरडतो.

तुझी अक्का
सिंधु